रेडिओने जिंकलेला सामना

७ सप्टेंबर

गोचीड,

हे नाव वाचून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. लहानपणी तू ज्याच्या त्याच्या पायाला मिठी मारून बसायचीस आणि सोडायचीच नाहीस, म्हणून तुला हे नाव पडलं. आज सहा वर्षांनी लिहायला बसलो तर 'प्रिय भगिनीस' असलं काही हातून उतरेना. माझ्या पोटरीवर अजून तुझ्या दातांची खूण आहे, तिथे भगिनी कुठून आणू?

आठवण आली म्हणून लिहितोय म्हटलं तर तू हसशील, तेव्हा खरं कारण सांगतो. अडला हरी. पुढची म्हण तुला पाठ आहे, आणि त्यातला हरी मी आहे एवढंच लक्षात ठेव.

झालंय असं, की आमचं फुटबॉलचं मैदान नव्या गवतासाठी उखडून ठेवलंय. चाई लागलेल्या डोक्यासारखं दिसतंय. सामने बंद, त्यामुळे रेडिओवर शनिवारची दुपार रिकामी. आमच्या केंद्रप्रमुख बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "गावात बायकांचा रग्बी संघ आहे म्हणे. बस डेपोमागे खेळतात. त्यांचे सामने करा."

मी म्हटलं, "बाई, मी फुटबॉलचा माणूस. बारा वर्षं त्याचंच समालोचन करतोय."

"चेंडू असतो ना त्यात? मग झालं. लोकांचे फोन आले तर पुढच्या हंगामातही ठेवू. नाही आले तर जुनी गाणी आहेतच."

तर मला रग्बी शिकव. तुझ्याशिवाय मला ती खेळणारं दुसरं कोणी माहीत नाही. पेपरात बघून शिकावं तर पेपरात काय येतं? फुटबॉलला दीड पान. परवा आमच्या सेंटर फॉरवर्डने केस कापले, त्याचा फोटो आला, न्हाव्याच्या मुलाखतीसकट. त्याच दिवशी रग्बीच्या बायकांनी शेजारच्या गावाला धुऊन काढलं, त्याच्या चार ओळी, कुत्र्यांच्या प्रदर्शनाखाली. पहिल्या आलेल्या कुत्र्याचं नाव दिलं होतं. सर्वाधिक गुण केलेल्या बाईचं नव्हतं.

बाबा बरे आहेत. मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवणं त्यांनी सोडलं. नवीन कोच आलाय, तो शिट्टी छान वाजवतो असं बाबांचं मत आहे. बाकी त्याच्याबद्दल ते काही बोलत नाहीत.

उत्तर दिलंस तर उपकार. नाही दिलंस तर शनिवारी रेडिओ लावू नकोस.

दादा


१९ सप्टेंबर

गोचीड,

तुझं पत्र मिळालं. वर 'दादा' नाही, खाली तुझं नाव नाही, मधे नुसते नियम. पण आले. मी ते सकाळी चहाच्या वेळी मोठ्याने वाचायला घेतले. मनात वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, हे तुला माहीत आहे. मी पहिला नियम वाचल्यावर बाबा उठले आणि स्वयंपाकघरातला नळ सोडला. माझे नियम संपेपर्यंत बादली भरत होते. बादली आधीच भरलेली होती.

त्यांचा राग अजून तिथेच आहे. तू गोलकीपरचे हातमोजे टेबलावर ठेवून "मी रग्बीत जातेय" म्हणालीस, आणि ते म्हणाले, "चेंडू हातात धरायची चटक तुला मीच लावली. जा मग." तू खरंच गेलीस. त्यांना वाटलं होतं मैदानापर्यंत जाशील आणि जेवायला परत येशील.

असो. पहिला सामना झाला. माझी शोभा झाली. सगळ्या खेळात चेंडू पुढे जातो आणि माणूस त्याच्यामागे धावतो. तुमच्यात माणूस पुढे पळतो आणि हातातला चेंडू मागे देतो. पहिली दहा मिनिटं मी श्रोत्यांना सांगत होतो की आपल्या मुली वेळ काढतायत. मग एका नर्सबाईने, ती आपल्या संघात आहे, पळता पळता मागे न बघता चेंडू मागे सोडला, आणि तिथे आयकर कचेरीतली एक कारकून बरोब्बर त्या क्षणी हजर. मी बोलायचा थांबलो. रेडिओवर समालोचक गप्प बसणं म्हणजे भटाने मंत्र विसरणं. आपल्या सेंटर फॉरवर्डला समोर उभा असलेला माणूस दिसत नाही, आणि ही बाई पाठीला डोळे लावून फिरते.

फुटबॉलची बाजू सोडत नाही हं मी. उंचावरून येणारा चेंडू पायावर असा थांबवणं, की त्याचा आवाजही येऊ नये, ही कला तुमच्याकडे नाही. तुमचा तो लंबुळका चेंडू जमिनीवर आपटला की कुठे उडेल ते देवालाही सांगता यायचं नाही. पण एक गोष्ट मी बघितली आणि ती मला घरी आल्यावरही सोडेना. आमच्यात माणूस पडला की आधी रेफरीकडे बघतो. तुमच्यात बाई पडली की आधी चेंडू सोडते, आपल्या माणसाला घेता यावा म्हणून, आणि मग उठायचं बघते. मार लागल्याचं तोंडावर दाखवायला तिला सवडच नसते.

घरी आलो. बाबा खुर्चीत बसले होते, रेडिओ शेजारी. मी विचारलं, "ऐकलं का?"

"लागलेला होता."

"कसं वाटलं?"

"काही दिसलं नाही," म्हणाले आणि रेडिओ बंद केला.

ते वाक्य मला लागलं. फुटबॉलच्या वेळी ते म्हणतात, "आज चांगलं दिसलं." दुसऱ्या दिवशी पेपर वाचून दाखवताना रग्बीच्या चार ओळी मी मुद्दाम मोठ्याने वाचल्या. या वेळी नळ सोडला नाही.

आणखी नियम पाठव. टॅकलबद्दल लिही. कोणी कुणाला कुठे धरायचं, ते मला वरून कळत नाही.

दादा


१ ऑक्टोबर

गोचीड,

टॅकलवर दोन पानं, आणि खाली शेवटी एक ओळ: 'बाबा स्वतः पेपर का वाचत नाहीत?'

मला वाटलं होतं तुझ्या नजरेतून सुटेल. तुझ्या हातून काही सुटत नाही हे विसरलो.

त्यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी कडेचं दिसेना, मग मधलं. डॉक्टर म्हणाले हे परत येणारं नाही. आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं, आणि समोर कोणी उभं असलं तर काळं काहीतरी. घरात ते बिनधास्त फिरतात, भिंतींशी त्यांची जुनी ओळख आहे. बाहेर माझा खांदा लागतो. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. "मी आंधळा झालो म्हणून यायची असेल तर नको," असं म्हणाले. मग मी लिहिलं की बरे आहेत. बाकी तब्येत खरंच बरी आहे. जेवतात, भांडतात, मला नावं ठेवतात.

म्हणजे त्यांनी तुला रग्बी खेळताना कधी पाहिलं नाही, आणि आता कधी पाहणारही नाहीत. आई असती तर तिने तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली असती. माझ्याकडे फक्त माइक आहे.

तुला एव्हाना कळलं असेलच. अंतिम सामना आमच्या डेपोमागच्या मैदानावर आहे आणि समोर तुमचा संघ आहे. तू सात नंबरची जर्सी घालतेस हे मी विचारून घेतलंय. या सामन्यात मला एवढंच करायचंय, की तू बाबांना दिसायला हवीस. गाव हरो की जिंको. हे बाईंना सांगू नकोस, माझी नोकरी जाईल.

त्यासाठी माझी तालीम चालू आहे. बाबांनीच मला कधीकाळी शिकवलं होतं, "चेंडू कुठे आहे ते सांगू नकोस, मोकळी जागा कुठे आहे ते सांग. चेंडू तिथे येतोच." तुमच्या खेळात जागा नसतेच, सगळी माणसंच असतात. मग मी अंग सांगायला लागलो. कुणाचा खांदा कुणाच्या मांडीला लागला, कुणाचं डोकं कुठल्या बाजूला गेलं, कोण खाली, कोण वर. परवाच्या सामन्यात तसंच केलं. आपल्याकडची बेकरीवाली आहे, आठ नंबर, भट्टीतून पाव काढून तिचे दंड असे झालेत की तिला एकटीने अडवणं म्हणजे हातगाडीला अडवणं. ती चौघींना घेऊन पुढे सरकली ते मी अंगाअंगाने सांगितलं. रात्रीच्या जेवणाला बाबा म्हणाले, "ती बेकरीवाली कमरेतून वाकते का?" मी म्हटलं, हो. "मग तिला खालून धरायला हवं," म्हणाले आणि भात मागितला.

सहा वर्षांत पहिल्यांदा ते या खेळाबद्दल बोलले, आणि तेही कुणीतरी तिला कसं अडवावं याबद्दल. तिला अडवणारी गावाच्या संघातली थोडीच असणार? मनात कोण होतं ते मी विचारलं नाही.

सामना झाल्यावर घरी ये. पाच मिनिटं. मी बाबांना आधी सांगणार नाही.

दादा


१४ ऑक्टोबर

गोचीड,

'सामन्यानंतर बस लगेच निघते.' बरं. वाचलं. बाबांच्या डोळ्यांबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, पण पत्राचा तो भाग दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय ते मला दिसलं. काय खोडलंस ते उजेडात धरूनही वाचता येईना. प्रयत्न केला.

खालचा नियम मात्र झकास आहे. मी तो चहाच्या वेळी नाटकातल्या राजासारखा वाचला: 'दादा, फुटबॉलमध्ये चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला की गोल. आमच्यात रेषा ओलांडून काही मिळत नाही. चेंडू हाताने जमिनीवर टेकवावा लागतो, तेव्हा ट्राय होतो आणि पाच गुण मिळतात. मधे कुणाचा हात, पाय, पाठ आली आणि चेंडू टेकलाच नाही, तर काही नाही. तू रेषेला भुलशील. भुलू नकोस.'

तू या वेळी 'दादा' लिहिलंस. नियमात का होईना.

बाबा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. त्यांनी टेबलावर बोटं टेकवून पाहिली, मग मधे दुसऱ्या हाताचा तळवा घातला आणि वरून दाबलं. बराच वेळ तेच करत होते. चहा निवून गेला.

शनिवारी भेटू. म्हणजे तू खाली, मी वर, समालोचनाच्या खोक्यात.

दादा


२६ ऑक्टोबर

गोचीड,

आठवडाभर लिहिलं नाही, कारण गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. आता हसत का होईना लोक बोलतात.

तू रेषेला भुलू नकोस म्हणाली होतीस. मी भुललो. पालथ्या घड्यावर पाणी.

तुला जे मैदानावर ऐकू आलं नसेल ते सांगतो. सामनाभर मी तुझ्याबद्दलच बोलत होतो. बाईंनी दोनदा चिठ्ठी सरकवली, 'आपला संघ दुसरा आहे'. पण मी काय करू? तू पूर्वार्धात आमच्या नर्सबाईला जी धरलीस, गुडघ्याच्या वर, गाल मांडीला चिकटवून, आणि तिच्याबरोबर पडून तिच्याआधी उभी राहिलीस, ते सांगताना माझा आवाज फाटला. मी बारा वर्षं फुटबॉलवाल्यांच्या पायाची तारीफ करत आलो. पडून उठण्याची तारीफ करायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. तू थकत कशी नाहीस? मी बोलून थकलो.

मग ते शेवटचं. तुम्ही चार गुणांनी पुढे, वेळ संपलेला, चेंडू मेला, म्हणजे खेळातून बाहेर गेला, की सामना संपणार. आणि आमच्या बेकरीवालीने चेंडू छातीशी धरून मुसंडी मारली. तुमच्या दोघी तिला लोंबकळत होत्या. ती रेषा ओलांडून कोसळली, तिच्यावर अजून सगळ्या, आणि रेफरीची शिट्टी वाजली. मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो, "बेकरीवाली रेषेपलीकडे! खाली त्यांची एक, वर आपल्या सगळ्या! जिंकलो! आपण जिंकलो!"

गावाने रेडिओवर विश्वास ठेवला. गाड्यांचे भोंगे सुरू झाले. बेकरीतल्या पोरींनी मालकीण जिंकली म्हणून संध्याकाळचे सगळे पाव रस्त्यावर फुकट वाटले. नगराध्यक्षांनी अभिनंदनाचा फोन लावला.

आणि इकडे ढिगारा हळूहळू उठला. एकेक बाई बाजूला झाली. तळाशी तू होतीस, चिखलाने माखलेली, उताणी, आणि चेंडू तुझ्या हातांवर आणि पोटावर होता. जमिनीवर नव्हता. रेफरी हात हलवून नाही नाही म्हणत होता आणि तुमच्या पोरी नाचत होत्या. तू वर खोक्याकडे बघितलंस. हसत होतीस, मला लांबूनही कळलं. मला माइकवर म्हणावं लागलं, "श्रोतेहो, जरा थांबा." यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

तुझ्याशी बोलायला खाली यायचं होतं. पण बाईंनी फोन हातात दिला आणि लोकांच्या शिव्या ऐकायला बसवलं. मी सुटलो तेव्हा तुमची बस गेली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान. रग्बीला, पहिल्यांदा. मथळा होता 'रेडिओने जिंकलेला सामना', आणि खाली ढिगाऱ्याचा मोठा फोटो, त्यात बाण काढून तुझा हात दाखवलेला. तुझं नाव आहे, बेकरीवालीचं आहे, माझं तर तीनदा आहे. बाई म्हणाल्या, निवडणुकीच्या निकालालाही इतके फोन आले नव्हते. पुढचा अख्खा हंगाम आम्ही रग्बी करणार आहोत, फक्त माझ्याशेजारी नियम कळणारं कोणीतरी बसवणार आहेत.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. घरी काय झालं ते सांगायचंय.

मी चोरासारखा घरात शिरलो. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका सामना ऐकायला बाबांकडे येऊन बसले होते, त्यांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "अरे, तू जिंकलो म्हणून ओरडलास, मी टाळ्या वाजवल्या, बाहेर भोंगे. तुझे बाबा मात्र हात वर करून 'गप्प बसा' म्हणतायत. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, चेंडू टेकलेला नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक? तुमचा मुलगा तिथे बसून बघतोय. तर म्हणाले, त्याने सांगितलं ना, खाली त्यांची एक आहे. ती एक माझी आहे. ती सोडायची नाही."

मी म्हटलं, "आणि मग?"

"मग तू रेडिओवर म्हणालास, जरा थांबा. तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. इतकं हसले की मी पाणी आणलं."

आत गेलो. वाटलं, आता माझी हजेरी घेतील. त्यांनी माझ्या चुकीबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, "सोफ्यावरची उशी घे आणि इथे आडवा हो."

मला तू केलं. शिंपीकाकांना बेकरीवाली केलं, ते बिचारे पसाभर वजनाचे, उशी छातीशी धरून माझ्यावर अलगद टेकले, अंगरख्याचं माप घ्यायला आल्यासारखे. बाबा गुडघ्यांवर बसले आणि हाताने चाचपायला लागले. "तिचा डावा हात कुठे होता?" चेंडूखाली, मी म्हटलं. "तळवा वर की खाली?" माहीत नाही. "कोपर जमिनीला लावलं होतं? मान कुठे होती? मान जपली ना तिने?" त्यांनी माझा हात उशीखाली घालून पाहिला, जाईना. पुन्हा घातला. माझी पाठ वाकवून पाहिली. मी ओरडलो. शिंपीकाका म्हणाले, मी जाऊ का?

मग बाबा तिथेच जमिनीवर बसून राहिले, हात उशीवर. मी उठलो नाही.

"हे मी शिकवलेलं नाही तिला," ते म्हणाले. "मी तिला चेंडू अडवायला शिकवलं. पडलेल्या माणसांखाली जाऊन, काही दिसत नसताना, चेंडू जमिनीपासून वर धरून ठेवायचा, हे तिचं तिने केलं. फार मोठं आहे हे. मला जमलं नसतं."

मग माझ्या पोटावर चापट मारून म्हणाले, "तुझं हे मधे येतं. तुला नाही दाखवता येणार. तिला बोलाव. म्हणावं, इथे आडवी हो आणि कसं केलंस ते दाखव."

मी म्हटलं, "बाबा, बस तर गेली."

"तिकडून बस रोज येते," ते म्हणाले.

उशी अजून तिथेच जमिनीवर आहे. शिंपीकाका जाता जाता उचलायला गेले तर बाबांनी उचलू दिली नाही.

दादा